शारदेची रेघ

बंगळुरूच्या बसवनगुडीतल्या त्या घराच्या वरच्या मजल्यावर राहायला गेले, तेव्हा पहिले कित्येक महिने माझी अशी समजूत होती की खाली दोन बहिणी राहतात. तसं वाटायला कारणं होती. खालच्या व्हरांड्यात एक मोठं टेबल होतं आणि त्याच्या दोन बाजूंना समोरासमोर दोन खुर्च्या होत्या, दोन्ही बसून बसून खोलगट झालेल्या. दोरीवर दोन पंचे वाळत. आणि घरमालकीण मंदाक्कांना काहीही विचारलं तरी त्या म्हणायच्या, शारदेला विचारून सांगते. अंगणात सायकल ठेवू का, जुना पलंग बाहेर काढू का, सगळं आधी शारदेला विचारायचं. उत्तर दुसऱ्या दिवशी मिळे. शारदा म्हणते ठेव, पण हँडल झाडांना लागता कामा नये.

ती दुसरी बहीण दिसत नाही याचं मला नवल वाटलं नाही. मी पुण्याहून नोकरीसाठी आलेली, दिवसभर वरच्या खोलीत लॅपटॉपसमोर असायची. म्हातारी माणसं आजारी असतात, आतल्या खोलीत पडून असतात, एवढंच मी धरून चालले होते. दिवाळीहून परतताना मी आईनं केलेल्या करंज्या आणल्या आणि मुद्दाम दोघींना पुरतील एवढ्या डब्यात घालून खाली नेल्या. मंदाक्कांनी डबा घेतला, झाकण उघडून वास घेतला आणि म्हणाल्या, "शारदेला खोबऱ्याच्या आवडतात. सरी, बरं झालं."

त्या घराला बाग अशी नव्हती. पुढचं अंगण, जिन्याच्या पायऱ्या, भिंतीवरचे कोनाडे आणि आंब्याच्या फांद्या, जिथे जागा मिळेल तिथे एकाच कुळातली झाडं होती. ब्रोमेलियाड. अननसाचं कुळ हे. मूळची पार दक्षिण अमेरिकेतल्या पावसाळी जंगलांतली, पण बंगळुरूची हवा त्यांना मानवलेली. ही झाडं पानात पान गुंफून मध्ये एक वाटी करतात आणि तिच्यात पाणी साठवून जगतात. मला यातलं काही ठाऊक नव्हतं. आल्या आल्या चांगुलपणा दाखवायला म्हणून मी पायरीवरच्या कुंडीत मातीला पाणी घातलं, तर मंदाक्का व्हरांड्यातून म्हणाल्या, "मातीला काय द्यायलीस? ती पानांनी पितात." मग स्वतः उठून आल्या आणि झारीची चोच पानांच्या पोटात धरून मला दाखवलं. उंच, वाळक्या अंगाच्या, पांढरे केस मागे घट्ट ओढून बांधलेले, चष्मा कपाळावर. बोलताना त्या समोरच्याच्या डोळ्यांकडे पाहत नसत. कानाकडे, मानेकडे, खांद्याच्या उताराकडे पाहत. पहिल्याच भेटीत त्यांनी मला सांगितलं होतं की माझा डावा खांदा उजव्यापेक्षा वर आहे.

साठलेल्या पाण्यामुळे दर पावसाळ्यात डास तपासणारे लोक यायचे. त्या वर्षी आले तेव्हा मी जिन्यात होते. झाडांच्या वाट्यांत पाणी पाहून त्यांचे चेहरेच उतरले. मंदाक्कांनी वाद घातला नाही. त्यांनी एकेक कुंडी उचलून उपडी केली, पाणी ओतून दिलं आणि नळाखाली धरून पुन्हा भरली. अंगणाच्या कोपऱ्यात सिमेंटच्या टाकीत एक प्रचंड झाड होतं, हात पसरले तरी कवेत येणार नाही असं. ते उचलणं शक्यच नव्हतं. त्याच्या पानापानातलं पाणी त्यांनी रबरी पिचकारीनं ओढून काढलं. तपासणाऱ्यांतल्या एक बाई कंटाळून उभ्या राहिल्या, मग कागदावर लिहिण्यासाठी त्यांनी कन्नडमध्ये विचारलं, घरात किती जण? खाली आम्ही दोघी, वर एक, मंदाक्का म्हणाल्या. बाईंनी तसं लिहून घेतलं.

त्यानंतरच्या रविवारी त्यांचा भाचा गिरीश आला. हेब्बाळला राहणारा, एका कंपनीत मोठ्या पदावर असलेला, पन्नाशीचा मवाळ गृहस्थ. जिन्यात भेटला तेव्हा मी सहज विचारलं, शारदामावशींची तब्येत कशी आहे. तो थांबला. त्यानं खाली व्हरांड्याकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"शारदामावशी जाऊन तीन वर्षं झाली. साथीत गेली. तुम्हाला कुणी बोललं नाही?"

वर येऊन मी खिडकी उघडली. खाली दोरीवर दोन पंचे हलत होते.

मंदाकिनी आणि शारदा, दोघींनीही लग्न केलं नव्हतं. घराणं पिढ्यान् पिढ्या इथलंच, घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर कन्नड. वडिलांचं कापडाचं दुकान होतं. दोघी चित्रकला शिकल्या आणि एका सरकारी वनस्पती-कार्यालयाच्या ड्रॉइंग सेक्शनमध्ये चिकटल्या. तिथे त्यांचं काम म्हणजे वाळलेल्या झाडांची चित्रं काढणं. जंगलातून गोळा केलेली झाडं वर्तमानपत्रात दाबून, सुकवून, जाड कागदावर चिकटवून येत. त्यांचं पान, फूल, बी भिंगाखाली पाहून शाईनं उतरवायचं. मंदाक्का म्हणत, आम्ही नोकरीभर मढी काढली. त्यात तक्रार नव्हती, पण निवृत्त झाल्यावर दोघींनी ठरवलं की आता फक्त जिवंत झाड काढायचं. ब्रोमेलियाड निवडली त्याचं कारण हेच. ती नीट दाबून सुकवता येत नाहीत. जाड पानं, पोटात पाणी, दाबली की कुजतात, रंग जातो, आकार जातो. त्यांना पाहायचं तर ती जिवंत असतानाच पाहावं लागतं.

बंगळुरूच्या बागांत वाढणाऱ्या ब्रोमेलियाडचं एक चित्रमय पुस्तक करायचं होतं. एका छोट्या प्रकाशनानं ते घ्यायचं कबूल केलं होतं. कामाची वाटणी अशी की शारदा रेघ काढणार आणि मंदाक्का रंग भरणार. शारदा डावरी होती. टेबलाच्या खिडकीकडच्या बाजूला ती बसे, म्हणजे हाताची सावली कागदावर पडू नये. छायेसाठी ती ज्या बारीक बारीक रेघा ओढी त्या वर जाताना डावीकडे झुकत. उजव्या हाताच्या माणसाच्या त्या उजवीकडे झुकतात. हा फरक मला मंदाक्कांनी भिंग देऊन शिकवला, जुन्या चित्रांवर. तोवर मला चित्र म्हणजे रंग एवढंच दिसत होतं. त्या म्हणाल्या, रंग नंतर येतो, उडून जातो. झाड कागदावर उभं राहतं ते रेघेमुळे.

'सुंदर' हा शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नाही. चित्र खरं यायचं किंवा खोटं यायचं. ट्यूबमधला तयार हिरवा रंग त्या वापरत नसत. पिवळा आणि निळा, त्यात कणभर तांबडा, असं करत चिनी मातीच्या बशीत प्रत्येक झाडाचा हिरवा वेगळा जुळवायच्या आणि पानाच्या शेजारी कागदाचा तुकडा धरून तपासायच्या. काम चालू असताना पंखा बंद. एप्रिलच्या उकाड्यातही बंद, कारण वाऱ्यानं पान हलतं. ब्रशचं टोक ओठांत धरून टोकदार करायची सवय होती, त्यामुळे संध्याकाळी त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात कसला तरी रंग लागलेला असे. एकदा एक तरुण मुलगी शिकायला म्हणून आली होती. तिनं फोटोवरून काढलेलं फुलाचं चित्र दाखवलं. फार देखणं होतं. मंदाक्कांनी ते उलटं केलं आणि विचारलं, ह्याच्या मागच्या बाजूला काय आहे? मुलीला सांगता येईना. "पाहिलं नाहीस ना," त्या शांतपणे म्हणाल्या, "मग काढू नये. जेवढं पाहिलं तेवढंच काढावं." ती मुलगी परत आली नाही. आपलं काही चुकलं असं मंदाक्कांना वाटल्याचं मला दिसलं नाही.

गिरीशनं सांगितल्यापासून मी खाली जाताना थोडी सावध असे. पण मंदाक्कांत वेडसर असं काहीच नव्हतं. भाजीवाल्याशी त्यांचा व्यवहार चोख होता, औषधं वेळेवर, वर्तमानपत्र पहिल्या पानापासून शेवटपर्यंत. फक्त शारदेबद्दल त्या वर्तमानकाळात बोलायच्या. मीही हळूहळू तशीच बोलू लागले. त्यांना बरं वाटावं म्हणून नव्हे, ते तोंडी बसलं म्हणून.

मग एक दिवस त्यांनी मला नवीन चित्र दाखवलं. बिल्बर्जिया नावाच्या ब्रोमेलियाडचं होतं, खाली वाकलेल्या दांड्याला फुलं लटकलेली. ते झाड मी ओळखत होते. गेल्याच आठवड्यात जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर ते फुललं होतं आणि त्याला ओलांडूनच मी येजा करत होते. रंग अजून व्हायचे होते, नुसती रेघ होती. मी सवयीनं भिंग उचललं. पानाच्या खालच्या बाजूच्या सगळ्या बारीक रेघा डावीकडे झुकलेल्या होत्या.

मंदाक्का म्हणाल्या, "खरी आलीय, नाही? शारदेची रेघ आहे." मी हो म्हणाले. भिंग जागेवर ठेवलं आणि वर निघून आले.

याचा उलगडा झाला तो एका सकाळी, लख्ख उन्हात. त्यांचं एक पातेलं माझ्याकडे राहिलं होतं ते द्यायला मी गेले. व्हरांड्याचं दार उघडं होतं. मंदाक्का खिडकीकडच्या खुर्चीत बसल्या होत्या, शारदेच्या. पेन्सिल डाव्या हातात. चेहरा कागदावर इतका वाकलेला की नाक टेकेल. हात फार हळू सरकत होता आणि पानाच्या कडेशी थरथरत होता. बऱ्याच वेळानं त्यांनी पेन्सिल ठेवली, उठल्या, टेबलाला वळसा घालून आपल्या खुर्चीत येऊन बसल्या आणि चष्मा डोळ्यांवर ओढून समोरचं चित्र स्वतःकडे फिरवून पाहिलं.

"मधलं पान खोटं आलंय गं," त्या समोरच्या रिकाम्या खुर्चीला म्हणाल्या.

आणि थांबल्या. उत्तराला जेवढा वेळ लागावा तेवढ्या थांबल्या. मग मान हलवून उठल्या, पुन्हा वळसा घालून पलीकडे गेल्या, बसल्या आणि डाव्या हातानं ते पान खोडायला घेतलं.

मी परत फिरणार होते, पण पातेलं दाराला लागलं. त्यांनी वर पाहिलं. चोरी पकडली गेल्यासारखं त्यांच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. "ये की. आत्ता कुठं हात बसायला लागलाय," त्या म्हणाल्या. मग जणू मी विचारलंच आहे अशा सुरात सांगितलं, की पुस्तक एका हातानं सुरू झालंय, मध्येच दुसऱ्या हाताची रेघ आली तर पुस्तक मोडतं. पहिलं वर्षभर नुसता सराव केला, तेव्हा कुठं रेघ अशी झुकू लागली. हे सगळं इतकं समजण्यासारखं होतं की मला सुटल्यासारखं वाटलं. पण जिना चढताना लक्षात आलं, की त्या शारदेच्या खुर्चीत बसून हे बोलत होत्या आणि बोलताना एकदाही त्यांनी 'मी' म्हटलं नव्हतं. 'हात' म्हटलं होतं, 'रेघ' म्हटलं होतं.

शारदा कशी गेली ते मंदाक्कांनी मला एकदाच सांगितलं. पेन्सिलींना टोक करत बसल्या होत्या. रोज सकाळी त्या ब्लेडनं एक ओळभर पेन्सिली तासायच्या, त्यांतल्या निम्म्या कुणी हातात धरलेल्याही नसत. ताप दोघींना आला होता. मंदाक्कांचा उतरला, शारदेला धाप लागायला लागली. गिरीशनं फोन करकरून गाडी मिळवली. डोक्यापासून पायापर्यंत प्लास्टिक घातलेली दोन माणसं आली. शारदा आपल्या पायांनी चालत गेली. फाटकापाशी मंदाक्कांना त्या दोघांनी हात करून थांबवलं. शारदेनं मागे वळून सांगितलं, येते मी, पेन्सिलींना टोक करून ठेव. पाच-सहा दिवसांनी फोन आला. तेव्हा कुणालाच जाऊ देत नव्हते. तिकडूनच परस्पर स्मशानात नेलं. गिरीशला नंतर अस्थींचं एक मडकं मिळालं.

"मडक्यावर चिठ्ठी होती, नाव होतं," मंदाक्का म्हणाल्या. "चिठ्ठी कुणीही लिहितं. मी चालत जाताना पाहिलं तिला. त्यापुढचं काही मी पाहिलेलं नाही."

ब्लेड पेन्सिलीवरून सरकत राहिलं. त्या दिवशी मला कळलं की घरात हार घातलेला फोटो का नाही, वर्षश्राद्ध का नाही आणि दुसरा पंचा रोज धुऊन का वाळतो. गिरीशला हा आजार वाटत होता. तो त्यांना डॉक्टरकडे नेऊ पाहत होता, हेब्बाळला आपल्याकडे नेऊ पाहत होता. त्याचं चुकत नव्हतं. मडकं हातात घेऊन नदीवर तो एकटाच गेला होता. मावशीशी त्याबद्दल चार शब्द बोलावेत, एवढंच त्याला हवं होतं, आणि मावशी त्या वेळी झाडांना पाणी घालायला उठून जायची.

पुस्तकाचं काम संपत आलं तेव्हा प्रकाशनाच्या संपादक बाई आल्या. तरुण, कन्नड बोलणाऱ्या, फार आदबशीर. त्यांच्यापुढे दोन अडचणी होत्या. एक, शेवटचं चित्र बाकी होतं. ते कोपऱ्यातल्या त्या प्रचंड झाडाचं, अल्कँटारियाचं. ते दोघींनी मिळून लावलं होतं, तेव्हा ओंजळीत मावत होतं. इतक्या वर्षांत एकदाही फुललं नव्हतं आणि फुलाशिवाय चित्र पुरं होत नाही. दुसरी अडचण मुखपृष्ठाची. शारदेच्या नावाआधी 'लेट', म्हणजे 'कै.', लावायचं होतं. बाईंनी ते अगदी हळू आवाजात विचारलं. मंदाक्का म्हणाल्या, बेडा. नको. बाईंनी समजावलं की तशी पद्धत आहे, वाचकांना कळायला हवं. मंदाक्कांनी एवढंच विचारलं, की त्या पुस्तकात न पाहिलेलं एक तरी पान काढलेलं सापडलं का. नाही, बाई म्हणाल्या. मग हे कसं लिहू, मंदाक्का म्हणाल्या. त्या बाई माझ्याकडे पाहू लागल्या. मी त्यांचा रिकामा कप उचलून आत नेला.

अल्कँटारियाला दांडा आला तो त्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाशी. आधी मधली पानं घट्ट मिटल्यासारखी झाली, मग त्यांच्यातून तांबूस सुळका वर आला आणि आठवड्या-आठवड्याला वाढत माझ्या सज्ज्याच्या कठड्यापर्यंत पोचला. मला फार आनंद झाला. मंदाक्कांना झाला नाही. त्या रोज सकाळी त्याच्यापाशी जाऊन उभ्या राहत, हात कमरेवर ठेवून, एखाद्या वाईट बातमीची खात्री करून घ्यावी तशा. ही झाडं एकदाच फुलतात. फुललं की झाड जातं. हे मला तोवर ऐकून माहीत होतं, पण एवढं मोठं झाड असं जाईल हे पटत नव्हतं. मी म्हटलं, बुडाशी पिल्लं येतील ना?

"येईल एखादं," त्या म्हणाल्या. "पण ते हे नव्हे."

दांड्याचा शेंडा खालून दिसत नसे, म्हणून त्या वर माझ्या सज्ज्यात येऊन बसू लागल्या. मांडीवर फळी, फळीवर कागद, शेजारी स्टुलावर भिंग आणि मोजायचं डिव्हायडर. शारदेची खुर्चीही मी आणि गिरीशनं मिळून वर आणली, तसं त्यांनी सांगितलं म्हणून. त्या खुर्चीत बसून डाव्या हातानं त्यांनी रेघ काढली. दिवेलागणीला फुलं उमलत, दुधी रंगाच्या पातळ फितीसारख्या पाकळ्या आणि बाहेर आलेले लांब केसर. सकाळपर्यंत ती फुलं ओल्या कागदासारखी लोंबायची आणि संध्याकाळी नवी उमलायची. एक फूल ब्लेडनं उभं चिरून त्यांनी माझ्या जेवणाच्या ताटलीत पसरलं आणि त्याचे भाग मोजून खऱ्या आकारात काढले. तेव्हा हात थरथरत नव्हता. पुढं आठवडाभर उजव्या हातानं रंग भरले. चित्र संपलं त्या दिवशी मी पाहिलं, ते खरं आलं होतं. संपादक बाई येऊन जपून घेऊन गेल्या. नावाचा विषय पुन्हा निघाला आणि पुन्हा तसाच राहिला.

मला वाटलं, काम संपलं. पण दुसऱ्या दिवशी मंदाक्का अंगणात त्या झाडासमोर वेताचा एक मोडा टाकून बसल्या होत्या, फळी मांडीवर घेऊन.

फुलं संपली होती. पानांची टोकं तपकिरी पडू लागली होती. त्यांनी ते काढलं. पुढच्या आठवड्यात तपकिरी रंग पानाच्या मध्यापर्यंत आला, बाहेरची पानं जमिनीला टेकली. त्यांनी तेही काढलं. असं पावसाळाभर चाललं. पाऊस आला की छत्री धरायला मला हाक मारत आणि मी कामातून उठून जाई. मधली वाटी सैल झाली, तिच्यात पाणी ठरेना, बुडातून आंबूस वास येऊ लागला. दांडा एका बाजूला कलला. गिरीश आला आणि ते पाहून अस्वस्थ झाला. मावशी, हे कुजलंय, माळ्याकडून काढून टाकतो, तो म्हणाला. मंदाक्का म्हणाल्या, "असू दे. ह्याला तरी शेवटपर्यंत पाहते."

गिरीशनं आतून दुसरा मोडा आणला आणि त्यांच्या शेजारी बसला. तो संध्याकाळपर्यंत तिथेच होता. कधीतरी मी सज्ज्यातून पाहिलं तर तो बोलत होता आणि मंदाक्का हात थांबवून ऐकत होत्या. काय बोलला ते मी विचारलं नाही. पण मला वाटतं, मडक्याबद्दल आणि नदीबद्दल असावं, कारण जाताना त्याचे डोळे सुजलेले होते आणि मंदाक्कांनी फाटकापर्यंत जाऊन त्याच्या पाठीवर हात फिरवला.

शेवटच्या चित्रात झाड म्हणावं असं काही उरलं नव्हतं. चिरगुटांसारखी पानं, मध्ये एक काळपट खड्डा. मी भिंग घेऊन पाहिलं. सगळ्या रेघा उजवीकडे झुकलेल्या होत्या. मी मंदाक्कांकडे पाहिलं. त्या ब्रश धूत होत्या.

"हे तिनं नाही काढलं," त्या म्हणाल्या. "हे मी पाहिलं."

दोन दिवसांनी त्यांनी माझ्या फोनवरून संपादक बाईंना फोन लावायला सांगितला. कन्नडमध्ये प्रकृती विचारली, पुस्तक कुठवर आलं विचारलं. मग म्हणाल्या की ते शारदेच्या नावाआधी जे लावायचं होतं ते लावा. पलीकडून बाई काही तरी लांबलचक बोलल्या. मंदाक्का मधूनमधून "हौदु, हौदु" असा होकार देत राहिल्या. फोन मला परत देताना त्यांचा हात मी फोनसकट दोन्ही हातांत धरला. त्या म्हणाल्या की आता जरा पडते. त्या रात्री पहिल्यांदाच दोरीवर एकच पंचा होता.

पुस्तक आलं. मरत चाललेल्या अल्कँटारियाची चित्रं अर्थातच त्यात नव्हती. त्याच सुमारास मंदाक्का हेब्बाळला गिरीशकडे राहायला गेल्या, आपण होऊन. झाडं एका ओळखीच्या रोपवाटिकेला दिली, दोन-तीन मला. मी काही महिन्यांनी घर बदललं. फोनवर बोलणं व्हायचं. त्या बऱ्या होत्या, जेवत होत्या, गिरीशच्या मुलीला चित्रकला शिकवत होत्या. शारदेबद्दल भूतकाळात बोलायच्या. गिरीश म्हणाला, मावशी अगदी सावरली. मलाही तसंच वाटलं.

गेल्या हिवाळ्यात ऑफिसच्या कामासाठी हेब्बाळला गेले होते. काम लवकर आटोपलं म्हणून तळ्याकाठी चक्कर मारायला गेले. दुपार कलली होती, फारसं कुणी नव्हतं. पुढे थोड्या अंतरावर मंदाक्का चाललेल्या दिसल्या. पाठमोऱ्या, तरी उंचीवरून ओळखल्या. एकट्याच होत्या. हाक मारावी म्हणून मी पावलं उचलली. पण त्या ज्या तऱ्हेनं चालत होत्या ते पाहून थांबले. त्या वाटेच्या मधून चालत नव्हत्या. अगदी कडेनं चालत होत्या आणि तळ्याच्या बाजूची जागा मोकळी सोडत होत्या. चार पावलं गेल्या की थांबायच्या, पाण्याकडे पाहायच्या, मग पुन्हा चालायच्या. मागे पडणारं, धाप लागणारं कुणी बरोबर असलं की माणूस असं थांबतं.

एके ठिकाणी वाटेवर चढाची दगडी पायरी होती. मंदाक्का ती चढल्या आणि मागे न वळता त्यांनी एक हात मागे केला, बोटं उघडी ठेवून. हात तसाच राहिला. मग बोटं हळूच मिटली आणि त्या पुढच्या वळणावर झाडांमागे दिसेनाशा झाल्या.